कोल्हापूर–सोलापूर, एटीआरने: ११० मैलांचा हिशेब

मंडळी, विमान उडवण्याच्या सिम्युलेटरवरची छोट्या विमानतळांची मालिका पुढं सरकली. उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते सोलापूर हा टप्पा आता मनासारखा बसलाय, म्हणून नोंद टाकतोय.

सरळ रेषेत अंतर साधारण ११० नॉटिकल मैल, म्हणजे २०५ किलोमीटर (पुढंही मैल म्हणजे नॉटिकलच). दिशा ५९ अंशांच्या आसपास. नकाशावर रेघ ओढली की ती सांगली-मिरजेच्या डोक्यावरून कवठेमहांकाळला जाते आणि सांगोला डावीकडं, जत उजवीकडं टाकून सोलापूर गाठते. एटीआर ७२ या पंख्याच्या प्रवासी विमानाचा वेग २७५ नॉट (तासाला तेवढे नॉटिकल मैल) धरला तर भागाकार येतो २४ मिनिटं. नुसत्या अंतरावरून वेळ काढणारे हाच आकडा सांगतात, नाहीतर त्यावर डोळे झाकून अर्धा तास चढवतात. एवढ्या आखूड टप्प्याला दोन्ही कुचकामी.

कारण बघा. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून जवळपास २,००० फुटांवर. पूर्वेकडं जाताना उंचीची पातळी विषम हजारात लागते, म्हणून मी १३,००० फूट घेतो. मिनिटाला बाराशे फुटांनी चढलं तर नऊ-दहा मिनिटं, तेवढ्यात ३० मैल सरतात. उतरताना हजार फुटांना तीन मैल, म्हणजे ३५ मैल आधीच नाक खाली. मध्ये उरले ४५ मैल. क्रूझ, म्हणजे एका उंचीवरचं सरळ उड्डाण, म्हणून जे काही आहे ते दहा मिनिटांचं! चेकलिस्ट संपते न संपते तोवर डिसेंटची, म्हणजे उतरण्याची, सुरू.

खरी गंमत दोन्ही टोकांना आहे. कोल्हापूरचा आपला रनवे ०७-२५ (आकडे म्हणजे दिशा, शेवटचं शून्य गाळून: ७० आणि २५० अंश). पूर्वेचा वारा असला की ०७ वरून उडायचं. चाकं सुटली की नाक जवळपास सोलापूरकडंच असतं. पावसाळी पश्चिम वाऱ्यात मात्र २५ वरून, सोलापूरकडं पाठ करून उडायचं आणि मग वळसा घालायचा. त्यात तीन मिनिटं जातात. तोच वारा पुढं पाठीवर येतो खरा, पण २० नॉट असला तरी अख्ख्या वाटेत जेमतेम दोन मिनिटं वाचवतो. म्हणजे वारा अनुकूल आणि आपण तोट्यात!

सोलापूरचा रनवे १५-३३, आपल्या वाटेला जवळजवळ काटकोनात. त्यामुळं सरळ जाऊन टेकणं नाहीच, कुठल्याही टोकाला गेलं तरी शेवटचं मोठं वळण चुकत नाही. माझ्या जुन्या सीनरीत (सिम्युलेटरमधल्या परिसराच्या चित्रात) विमानांना अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी अजून उभी होती. प्रत्यक्षात ती जून २०२३ मध्ये पाडली, म्हणून फाइलमधूनही काढून टाकली. (२०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं, तेही एटीआरच. त्यामुळं हेच विमान निवडल्याबद्दल कुणी नाक मुरडू नये.)

एकूण काय, चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत ३५ मिनिटांच्या आसपास, टॅक्सीसकट पाऊण तास.

आता परतीचा टप्पा घेतलाय. पातळी सम, १४,००० फूट. पावसाळ्यात वारा तोंडावर, पण दिशा २३९ असल्यानं २५ वर जवळपास सरळ उतरता येतं, वळसा वाचतो. माझा अंदाज, पावसाळ्यात जाण्या-येण्याच्या वेळेत फारसा फरक पडणार नाही. कुणी एटीआर ४२ वर (याच विमानाची छोटी आवृत्ती) हाच टप्पा केला असेल तर चढाईचे आकडे टाका, ताडून बघू.