आयडिटारॉड पाहायला मुलांना घेऊन जाताय?

मुलीच्या वर्गात दर मार्चमध्ये प्रत्येक मूल अलास्कातल्या आयडिटारॉड शर्यतीतला एक मशर, म्हणजे कुत्र्यांची स्लेज (बर्फावरची घसरगाडी) हाकणारा स्पर्धक, निवडतं आणि तो शर्यत संपते त्या नोम गावाला पोचेपर्यंत रोज नकाशावरची टाचणी पुढे सरकवतं. लिबी रिडल्स ही 1985 मध्ये शर्यत जिंकणारी पहिली स्त्री, हे वाचल्यापासून मुलीला बाईच निवडायची होती. तिने निवडलेल्या मशरला निघताना बघायचं म्हणून आम्ही सिअ‍ॅटलहून अँकरेजला गेलो.

शर्यतीची सुरुवात दोनदा होते, हे आधी समजून घ्या. मार्चच्या पहिल्या शनिवारी अँकरेजच्या फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर समारंभ असतो. रस्त्यावर मुद्दाम बर्फ आणून पसरतात आणि सकाळी दहापासून दर दोन मिनिटांनी एक स्लेज सुटते. ही वेळ शर्यतीत धरत नाहीत. खरी शर्यत रविवारी दुपारी विलोहून सुरू होते. ते अँकरेजच्या उत्तरेला सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, पण पार्किंग अपुरं असतं, त्यामुळे सकाळीच निघा. बर्फ कमी पडला तर ही सुरुवात फेअरबँक्सला हलवतात. 2025 मध्ये तसंच झालं. म्हणून हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.

मुलं बरोबर असतील आणि एकच दिवस जमणार असेल, तर माझ्या मते शनिवार निवडा. स्लेज सुटण्याआधी मशर आणि कुत्री जवळून दिसतात. मुलीला वाटलं होतं, मोठी, झुबकेदार कुत्री असतील. अलास्कन हस्की प्रत्यक्षात वीस-पंचवीस किलोची, सडपातळ, लांब पायांची. निघायच्या आधी ती उड्या मारतात, दोर ओढतात, इतकं भुंकतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गाडी सुटली की एकदम चिडीचूप, नुसती धावत सुटतात. हात लावायचा तर आधी विचारा, आणि घरचं कुत्रं आणूच नका. मुलांना एकावर एक कपडे, लोकरी मोजे आणि हात गरम ठेवणाऱ्या पुड्या द्या. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

घरी परतल्यावर खरी मजा सुरू झाली. साधारण 1,600 किलोमीटरची वाट, आणि प्रत्येक स्लेजवर जीपीएस. थेट नकाशासाठी पैसे भरावे लागतात, पण क्रमवारीचा तक्ता फुकट दिसतो आणि मुलांना तो पुरतो. फक्त पहिल्या आठवड्यात त्या क्रमवारीवर जाऊ नका. प्रत्येकाला वाटेत एकदा सलग 24 तास थांबावंच लागतं, शिवाय युकॉन नदीवर आठ तास आणि व्हाइट माउंटन या थांब्यावर आठ तास. "आई, ती एकदम मागे कशी पडली?" असं मुलीने रडवेलं होऊन विचारलं, तेव्हा तिची मशर तो मोठा मुक्काम करत होती. पुढे दिसणारे काहीजण अजून थांबायचेच होते. सुरुवातीला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुटल्यामुळे पडलेला फरकही याच मुक्कामात भरून काढतात. मग मुलीने वहीत क्रमांकाऐवजी कोण किती तास विसावलं हे लिहायला घेतलं. शर्यत तिला तिथून समजू लागली, आणि मलाही.

1925 ची गोष्ट मुलांना जरूर सांगा. नोममध्ये घटसर्पाची साथ आली, तेव्हा नेनानाहून 20 मशरनी एकामागून एक स्लेज हाकत जवळपास 1,085 किलोमीटरवर सीरम पोचवलं. पुतळा बाल्टो या कुत्र्याचा प्रसिद्ध आहे, पण सर्वांत लांब टप्पा टोगो हा कुत्रा आणि त्याचा मशर लिओनार्ड सेपाला यांनी पार केला होता. दुसरी बाजूही लपवू नका. या शर्यतीत कुत्री दगावली आहेत आणि प्राणिहक्कवाल्यांचा तिला विरोध आहे. मुलीने विचारलं तेव्हा आम्ही स्पष्ट सांगितलं. वाटेवर पशुवैद्य कुत्री तपासतात, थकलेल्यांना विमानाने परत पाठवतात, हेही सांगितलं. पुढचं मत तिचं तिने बनवावं.

पुण्याहून भाचाही तक्ता बघत होता. भारतातून बघणार असाल तर अलास्का आपल्यापेक्षा साडेचौदा तास मागे असतं. पण शर्यत चालू असतानाच, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, तिकडची घड्याळं एक तास पुढे सरकतात आणि फरक साडेतेरा तासांचा होतो.