फाइलमधला एक शब्द

ताईंनी त्यांची फाइल वाचायला मागितली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. ताईंची दोन मुलं बालगृहात होती. त्यांना घरी पाठवावं का, यावरचा समाजकार्यकर्ती म्हणून माझा अहवाल आठवड्यापूर्वीच गेला होता.

आपल्याबद्दल काय लिहिलंय ते पाहण्याचा हक्क लाभार्थ्याला असतो, हे आम्ही शिकतो. प्रत्यक्षात फाइल मागणारं माणूस क्वचितच येतं. ताईंच्या शेजारणीने दिलेल्या माहितीचं पान मी काढून ठेवलं, कारण गोपनीयता तिलाही आहे. बाकीची फाइल ताईंपुढे ठेवून शेजारी बसले.

त्या बोट ठेवून वाचत होत्या. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"मॅडम, 'असहकार' म्हणजे मी काय केलं?"

"तीनदा गृहभेटीला आले होते, ताई. तिन्ही वेळा कुलूप."

"किती वाजता?"

मी नोंद पाहिली. अकरा, साडेबारा, पुन्हा अकरा.

त्या काही बोलल्या नाहीत. पानं उलटत पहिल्या पानावर गेल्या आणि फाइल माझ्याकडे सरकवली. अक्षर माझंच होतं : 'कामाची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ५.'

क्षेत्रकार्याला येणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी या विषयाचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांची १९५७ सालची सात तत्त्वं सांगते. निवाडा न करण्याचं तत्त्व तर उदाहरणांसकट! दाराला कुलूप होतं, हे मी पाहिलं होतं. असहकार मी कुठे पाहिला होता? पण हा शब्द आमच्याकडे फार चालतो. केसेस साचल्या की जास्तच.

"मग खोडा ना तो."

इथे मी अडले. नोंद खोडायची नाही, पान बदलायचं नाही, हा नियम आहे. तारीख घालून खाली नवी नोंद करायची आणि जुनी चूक दिसू द्यायची. नाहीतर कुणीही मागाहून आपल्या सोयीची फाइल तयार करेल. हे मी समजावलं. त्यांना पटलं नाही.

"म्हणजे तो शब्द राहणारच."

"हो. राहणार."

खाली मी त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचून सही केली. पुढची भेट सहानंतर, असं ठरलं. ते मी लिहितेय की नाही, हे त्या वाकून पाहत होत्या.

दुपारी सुपरव्हायझरना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अहवाल जिथे गेलाय तिथे आजच दुरुस्तीचं पत्र जाऊ दे," एवढंच म्हणाल्या.

पत्राचं पहिलं वाक्य चार वेळा लिहिलं. तीन वेळा त्यात 'गैरसमज' हा शब्द आला. चौथ्यांदा लिहिलं : 'यांच्या कामाची वेळ माझ्याकडे नोंदलेली होती. ती न पाहता मी भेटी दिल्या.'