क्षेत्र विकलं, विहिरी कोणाच्या?

पर्थमध्ये मी समुद्रातली तेलक्षेत्रं मोडीत काढण्याच्या खर्चाची अंदाजपत्रकं करतो. मावशी विचारते, "म्हणजे भंगाराचा धंदा का रे?" भंगारातून पैसे मिळतात गं, इथे नुसते जातात. विहिरींत सिमेंटचे प्लग मारायचे, तळावरच्या पाइपलाइन साफ करायच्या, तेल काढायला उभं केलेलं जहाज सोडवून ओढून न्यायचं. तेही तेलाची कमाई थांबल्यावर!

म्हणून तर थकलेली क्षेत्रं विकायची घाई असते. डार्विनच्या वायव्येला साडेपाचशे किलोमीटरवर, तिमोर समुद्रात, लॅमिनारिया आणि कोरालिना या क्षेत्रांचं तेल काढणारं 'नॉर्दर्न एन्डेव्हर' हे जहाज १९९९ पासून उभं होतं. वूडसाइड या ऑस्ट्रेलियातल्या बड्या तेल कंपनीने २०१६ मध्ये हा सगळा पसारा नोगा नावाच्या छोट्या कंपनीला विकला. भाकड व्हायला आलेली गाय, आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात वैरण नाही. जुलै २०१९ मध्ये गंजाच्या धोक्यामुळे सुरक्षा नियामकाने उत्पादन थांबवलं. काही महिन्यांत नोगा बुडाली आणि जहाज, विहिरी, सगळं सरकारच्या गळ्यात पडलं.

सरकारने मग काय करावं? ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातून तेल-वायू काढणाऱ्या सगळ्याच कंपन्यांवर पिंपामागे ४८ सेंटची पट्टी बसवली. ज्यांचा या क्षेत्राशी कधी संबंध नव्हता, त्यांनीही भरायची. त्यांनी आरडाओरडा केला, आणि माझ्या मते बरोबरच केला. वूडसाइडही भरते, पण इतरांसारखी उत्पादक म्हणून, जुनी मालकीण म्हणून नव्हे.

२०२१ मध्ये कायदा बदलला. आताच्या मालकाने हात वर केले तर मोडीत काढण्याच्या कामासाठी आधीच्याला परत बोलावता येतं. मात्र १ जानेवारी २०२१ पासून पुढे ज्यांनी हक्क सोडला, त्यांनाच. म्हणजे ज्या व्यवहारामुळे कायदा आला, तोच त्यातून सुटला. ब्रिटनच्या १९९८ च्या कायद्यात ही सोय होतीच. त्यामुळे उत्तर समुद्रात विकणाराच घाबरून असतो आणि खरेदीदाराकडून बँकेची हमी लिहून घेतो. हे मला जास्त पटतं. नियामकापेक्षा विकणाऱ्याला त्या विहिरींची दुखणी चांगली ठाऊक असतात.

मुंबई हायवर काम केलेला मित्र म्हणतो, "आपल्याकडे साइट रिस्टोरेशन फंड आहे ना!" आहे. विहीर वाहती असतानाच स्टेट बँकेत पैसे बाजूला टाकायची योजना १९९९ पासून आहे. कल्पना उत्तम. पण प्लगचा खर्च मूळ अंदाजात क्वचितच बसतो, हे मी रोज बघतो, आणि वरचा फरक कोणी भरायचा हे विक्रीच्या करारातच लिहिलेलं हवं.