दहावी बीजगणित: शेवटचे दहा दिवस

पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. हे गणित डोक्यात ठेवूनच सराव करायचा, नाहीतर घरी सगळं येतं आणि हॉलमध्ये चौथा प्रश्न अर्धा राहतो.

पहिले पाच दिवस प्रकरणवार, पण वही बंद ठेवून. सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचलं की ‘येतंय’ असं वाटतं. कोऱ्या कागदावर दुसऱ्या पायरीलाच गाडी अडते. अडली तिथे लाल खूण, उत्तर बघायचं, आणि तेच उदाहरण दोन दिवसांनी पुन्हा.

चुका बहुतेक चिन्हांच्या असतात. दोन समीकरणं एकदम सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीत निश्चयकाची (दोन ओळींत मांडलेल्या चार संख्या, तिरका गुणाकार करून वजा करायच्या) पहिली ओळ ४, −३ आणि दुसरी २, ५ असेल तर ४×५ − (−३×२), म्हणजे २० + ६ = २६. कंस गाळला की हमखास १४ येतं, आणि मग पुढचं सगळंच चुकतं. कंस लिहायला दोन सेकंद लागतात हो!

संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या निकालांची यादी, पूर्ण लिहा. सांख्यिकीत मध्यकासाठी (मधली किंमत) संचित वारंवारतेचा, म्हणजे वारंवारतांच्या चढत्या बेरजेचा, स्तंभ आधी, सूत्र नंतर.

उरलेले दिवस रोज एक जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिल्या प्रश्नाच्या आठ गुणांना वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. कृतीच्या प्रश्नांतल्या भरायच्या रिकाम्या चौकटी आयते गुण देतात, त्या सोडू नका. आदल्या रात्री नवं काही नाही; फक्त लाल खुणा.