मळसूत्राचा हट्ट

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणी तंबोरा जुळवत बसलेलं दिसलं, की माझी पावलं रेंगाळतात. पंढरपूरकडच्या भोपळ्यावर पॉलिश चढलेलं असतं, तारा ओढून झालेल्या असतात, आणि कारागीर खुंटी हलकेच पिळतो, पिळता पिळता आत दाबतो, कान तारेपाशी. खुंटी म्हणजे निमुळत्या भोकात रुतवलेलं निमुळतं लाकूड, बाकी काही नाही. तार तिला सारखी उलट ओढत असते आणि लाकडाला लाकडाची पकड तेवढी तिला धरून असते. हवा बदलली की पकड ढिली होते. मग थोडा खडू लावायचा, पुन्हा पिळायचं. अगदी बारीक फरकासाठी तारेत ओवलेला मणी सरकवायचा. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खुंटी मात्र होती तशीच आहे, आणि तशीच राहावी.

गिटारवाल्या पोरांना हा व्याप नाही. गिटारची किल्ली फिरवा आणि सोडून द्या, तार जागची हलत नाही. किल्लीच्या दांडीवर मळसूत्र कापलेलं असतं आणि ते एका इवल्याशा दातेरी चाकात अडकलेलं असतं. किल्लीचे साधारण चौदा वेढे दिले, की तार गुंडाळणारा खुंट एकदा फिरतो. हाच वर्म गिअर. मळसूत्राचा दांडा तो वर्म, दात्यांचं चाक ते वर्म व्हील. दोघांचे आस एकमेकांना काटकोनात, पण कुठेही न भेटणारे.

वर्मचा एक फेरा झाला की चाक एक दात सरकतं. चाकाला ४० दाते असतील तर त्याच्या एका फेऱ्यासाठी वर्मला ४० फेरे मारावे लागतात. कुपवाडच्या एमआयडीसीत मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड, म्हणजे गोल कामाचे सारखे भाग पाडणारं साधन, चालवणाऱ्याला हा चाळीसचा आकडा पाठच असतो. वर्मवर एकाऐवजी दोन आटे (मळसूत्राच्या धारा) शेजारी शेजारी कापले तर तेच काम २० फेऱ्यांत होतं. साध्या गिअरनं एवढा वेग उतरवायचा तर निदान दोन जोड्या लागल्या असत्या, आणि पेटीही मोठी झाली असती.

खरी गंमत उलट्या बाजूनं आहे. वर्म चाकाला फिरवतो, पण चाकाकडून जोर लावला तर वर्म ढिम्म हलत नाही. आट्याचा उतार इतका कमी असतो, की घर्षणापुढे चाकाचं काही चालत नाही. याची किंमतही घर्षणच वसूल करतं. इथे दाते एकमेकांवर घासत सरकतात, त्यामुळे उलट न फिरणाऱ्या जोडीत निम्म्याहून जास्त ताकद उष्णतेत जाते. भार ओढणाऱ्या वर्मच्या गिअरबॉक्सवर हात ठेवून पाहा, चटकन मागे घ्याल. अंगावर उष्णता बाहेर टाकायला धातूच्या पट्ट्या काढलेल्या असतात त्या उगाच नाहीत. आट्यांची संख्या आणि उतार वाढवला तर ९० टक्क्यांपर्यंत ताकद पोचते, पण मग चाकही वर्मला फिरवू लागतं. दोन्ही एकदम मागणारा गिऱ्हाईक अधूनमधून भेटतोच! शिवाय हादऱ्यांनी घट्ट जोडीही हळूहळू घसरू शकते, म्हणून लिफ्टला वर्म असला तरी ब्रेक वेगळा द्यावाच लागतो.

झिजायचं कुणी, हेही आधीच ठरलेलं. वर्म कडक पोलादाचा, चाक फॉस्फर ब्रॉन्झचं. मऊ चाक झिजतं, वर्म वाचतो.

प्रकार तीन. सरळ दांड्याचा वर्म साध्या तिरप्या दात्यांच्या चाकावर टेकवला, तर स्पर्श एका बिंदूपुरता. हलक्या कामाला पुरे. चाकाचे दाते आतून खोलगट करून वर्मला कवेत घेतले, तर स्पर्श रेषेवर होतो. बाजारातले बहुतेक गिअरबॉक्स हेच. तिसऱ्यात वर्मही डमरूसारखा मधे बारीक करतात, म्हणजे एकाच वेळी बरेच दाते भार उचलतात. अठराव्या शतकातला यॉर्कचा घड्याळजी हेन्री हिंडली याचं नाव या आकाराला चिकटलं आहे. भार दांडगा पेलतो, पण बसवताना केसभर इकडेतिकडे झालं की संपलं. माझं मत मधल्यालाच.

हे सगळं बघायला कारखान्यात जायची गरज नाही. टेबल फॅनच्या मोटरचा दांडा मागच्या बाजूला निघतो, त्यावर वर्म कापलेला असतो. मिनिटाला हजारावर फेरे मारणारी मोटर तिथून मान संथपणे डोलवते. चालू फॅनची मान हातानं धरली की कट् कट् आवाज येतो ना, तो आतल्या स्प्रिंगवाल्या क्लचचा. वर्म चाकाचं ऐकणार नाही हे माहीत असल्यानं ही पळवाट ठेवलेली असते. नाहीतर प्लॅस्टिकच्या चाकाचे दाते तिथेच उडाले असते. तरी एखाद्या उन्हाळ्यात ते उडतातच, आणि वारा घरातल्या एकाच माणसाला लागू लागतो. तेव्हा दुकानात नुसतं चाक मागावं, ग्रीस आपलं आपण भरावं. आधी न सांगितलं तर अख्खा गिअरबॉक्स गळ्यात मारतात.