अण्णांनी विचारलं, पंच कुठायत?

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. आई-अण्णा कराडहून येऊन चार दिवस झाले होते आणि अण्णांची झोप अजून भारताच्या घड्याळावर होती. पहाटे चारला उठायचे, आपला आपण चहा करून घ्यायचे आणि आमच्या कॅलिफोर्नियातल्या कूपर्टिनोच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून राहायचे. त्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना त्यांनी हाक मारली, "अरे, इकडं ये. समोर ताबा चाललाय."

समोरच्या ब्लॉकमध्ये एका दारापुढे दोन गणवेशवाले, क्लिपबोर्ड घेतलेली एक बाई आणि अवजारांची पेटी घेतलेला कुलूपवाला उभा होता. मला काय चाललंय ते कळेना. अण्णांना कळलं होतं, कारण ते एकतीस वर्षं कराडच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होते, म्हणजे कोर्टाचे हुकूम दारोदार जाऊन बजावणारे. दारात माणसं कशी उभी आहेत त्यावरून समन्स आहे, जप्ती आहे की ताबा, हे ते लांबून सांगतात.

"बंदोबस्त आहे, कुलूपवाला आहे, मालकाचं माणूस आहे," ते बोटांवर मोजत म्हणाले. "पण बेलीफ कुठाय? आणि पंच कुठायत?"

"अण्णा, ते पोलीस नाहीत. तेच बेलीफ आहेत. शेरीफच्या ऑफिसचे."

"कंबरेला पिस्तूल लावून?"

अण्णांच्या या प्रश्नामागे तीन दशकांचं दुखणं आहे. हुकूमनामा हातात असूनही कब्जेदार कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला की बेलीफाने गुपचूप परत यायचं, "अडथळा झाला" असा अहवाल कोर्टातल्या नाझराकडे, म्हणजे आपल्या वरिष्ठाकडे, द्यायचा. मग दरखास्तदाराने, म्हणजे दावा जिंकलेल्याने, पोलीस बंदोबस्तासाठी अर्ज करायचा, कोर्टाने हुकूम द्यायचा, आणि पोलीस ठाण्यात नेमकी त्याच आठवड्यात कुठली तरी यात्रा असायची. काले, ओंड, उंब्रज, सगळीकडे ते सायकलवरून कागद घेऊन गेले. हातात कोर्टाचा शिक्का, बाकी काही नाही. इथे कोर्टाचा कागद आणि पिस्तूल एकाच माणसाकडे बघून ते जरा हिरमुसलेच.

तो भाडेकरू मला तोंडओळखीचा होता. एकटाच राहायचा. आठवडाभर आधी त्याच्या दारावर टेपने चिकटवलेला कागद मी पाहिला होता आणि जाहिरात समजून पुढे गेलो होतो. ती शेरीफची नोटीस होती. कॅलिफोर्नियात घरमालकाने दावा जिंकला तरी त्याला स्वतः कुलूप बदलता येत नाही. कोर्टाचं ताबा वॉरंट शेरीफच्या दिवाणी विभागाकडे द्यावं लागतं, तिथला डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा अधिकारी, पाच दिवसांची नोटीस लावतो आणि मुदत संपल्यावर ठरलेल्या दिवशी येऊन ताबा देतो.

सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. डेप्युटीने दार वाजवलं, मोठ्याने ओळख सांगितली, दोघं आत जाऊन खोल्या बघून आले. तो माणूस पाठीवर सॅक आणि हातात मांजराचा पिंजरा घेऊन बाहेर आला. कुलूप बदललं, सह्या झाल्या, दारावर नवा कागद लागला. सामान आतच राहिलं. ते पंधरा दिवस सांभाळून ठेवणं आणि त्याला नेऊ देणं घरमालकावर बंधनकारक आहे, हे मी फोनवर वाचून अण्णांना सांगितलं. "पंचनामा नाही, यादी नाही," अण्णा म्हणाले. "उद्या हा म्हणाला माझं घड्याळ गेलं, तर?"

मग ते सुरू झाले. सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरायचं नाही. जप्तीत अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं सोडायची. मंगळसूत्राला हात लावायचा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० त्यांना रामरक्षेसारखं पाठ आहे.

आई एव्हाना चहाचा कप घेऊन जिन्याकडे निघाली होती. "बेलीफानं कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नसतो," अण्णा मागून म्हणाले. "बेलीफाला कोण देतंय?" म्हणत ती खाली गेली. त्या माणसाने चहा घेतला. मांजर पिंजऱ्यात ओरडत होतं.

दुपारी जेवताना अण्णांचं चालूच. "शेरीफ म्हणजे आपला नगरपाल ना? दिलीपकुमार होता बघ मुंबईचा." होता, १९८० साली. त्याच्या कितीतरी आधी डॉ. भाऊ दाजी लाड दोनदा होते. मुंबईचं ते पद आता मुख्यतः मानाचं, एका वर्षाचं. पण त्याचं ऑफिस हायकोर्टात आहे आणि देणं बुडवणाऱ्या जहाजाला अटक करायचा हुकूम निघाला, तर तो मुंबईच्या शेरीफच्याच नावे बजावला जातो. अख्ख्या बोटीवर जप्ती! अण्णांनी पोळी हातातच धरून ठेवली.

शब्दाचं मूळ इंग्लंडमधलं. 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे त्याचा कारभारी, थोडक्यात राजाचा देशमुख. मुंबईत त्याचा मान उरला, अमेरिकेत त्याचं काम उरलं, आणि वर त्याला लोक मतं देऊन निवडतात.

काम तरी किती! अॅपलचं मुख्यालय ज्या कूपर्टिनोत आहे, त्या शहराला स्वतःचं पोलीस खातं नाही. शहर सांता क्लारा काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, शेरीफशी करार करतं, पैसे मोजतं आणि त्याचे डेप्युटी इथे गस्त घालतात. जवळच्या साराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्सचंही तेच. शेजारच्या सनीव्हेलची तर वेगळीच तऱ्हा, तिथे पोलीस आणि अग्निशमन एकाच खात्यात, तोच माणूस चोरही पकडतो आणि आगही विझवतो. शिवाय काउंटीचे तुरुंग शेरीफकडे. सॅन होजेचा मुख्य तुरुंग आणि मिल्पिटासचा एल्मवुड. खटला सुरू व्हायची वाट बघणारे तिथे असतात. मोठी शिक्षा झालेले राज्याच्या तुरुंगात जातात. लपवून पिस्तूल बाळगायचा परवानाही तोच देतो. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांत संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारीही शेरीफच असतो. म्हणजे शेरीफच्या तुरुंगात कैदी मेला, तर तो कसा मेला हे शेरीफच ठरवणार! आमच्या काउंटीने ते काम २०१६ मध्ये त्याच्याकडून काढून घेतलं, हे बरं केलं.

"आणि याला निवडून देता?" अण्णांनी विचारलं. "फौजदाराला?"

दिलं होतं ना मी. नागरिक झाल्यावरचं माझं पहिलंच मतदान, नोव्हेंबर २०२२. शेरीफची निवडणूक पक्षविरहित, त्यामुळे ना कमळ, ना पंजा, नुसती नावं. आणि नावं काय, तर बॉब जॉन्सन आणि केव्हिन जेन्सन! एक जवळच्या पालो आल्टो शहराचा पोलीसप्रमुख, दुसरा शेरीफच्याच खात्यातला निवृत्त कॅप्टन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मतपत्रिका ठेवून मी अर्धा तास कोण कोणता ते पुन्हा पुन्हा बघत होतो. लॉरी स्मिथ त्या पदावर १९९८ पासून निवडून येत होत्या, कॅलिफोर्नियातल्या पहिल्या महिला शेरीफ. पिस्तुलाच्या परवान्यांत मर्जी सांभाळल्याचे आरोप झाले, खटला उभा राहिला आणि निकालाच्या काही दिवस आधी त्यांनी राजीनामा दिला. ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, सहाही आरोप सिद्ध धरले. जॉन्सन थोडक्यात जिंकले. आता पुढची निवडणूक २०२८ मध्ये, कारण त्याच वर्षी राज्याने शेरीफची निवडणूक अध्यक्षीय वर्षात नेली आणि ही खेप सहा वर्षांची झाली.

अण्णांना हे अजिबात पटलं नाही. "मतं मागणारा माणूस कुणाच्या दारावर नोटीस लावायला कचरेल आणि कुणाच्या नाही, हे मला विचार," ते म्हणाले. मला अर्धंच पटलं. बदली-बढतीच्या टेबलापुढे कचरणारेही मी त्यांच्याच गोष्टींतून ऐकलेत. पण सहा वर्षं तुरुंगाच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या, हे मी दोन सारख्या आडनावांमधून निवडलं, ही गोष्ट मलाही खुपतेच.

गेल्या वर्षी मला ज्युरीचं बोलावणं आलं. सॅन होजेत हेडिंग स्ट्रीटवर फौजदारी कोर्ट आणि तुरुंग अगदी शेजारी शेजारी आहेत. कोर्टात दाराशी शेरीफचा एक डेप्युटी उभा होता, अंगाने आडवा, कंबरेला पिस्तूल, वॉकीटॉकी, बेड्या. न्यायाधीशबाई आम्हाला म्हणाल्या, काही अडचण आली तर बेलीफना सांगा. मी इकडेतिकडे बघितलं. बेलीफ म्हणजे तोच.

मला ज्युरीत घेतलं नाही. घरी येऊन कराडला फोन लावला आणि अण्णांना सांगितलं, की इथे कोर्टात उभ्या असणाऱ्या डेप्युटीला बेलीफ म्हणतात, थेट तुमचाच शब्द, आणि न्यायाधीशसुद्धा त्याच्याशी आदराने बोलतात.

अण्णा क्षणभर गप्प राहिले.

"त्याला सायकल भत्ता मिळतो का, ते विचारलंस?"