तुम्ही विचारलंत म्हणून: काकाच्या फोटोला हार का नाही

घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा चहा संपायच्या आत विचारतोच, "हे मिलिटरीतले कोण? आणि यांनाच हार का नाही?" भिंतीवर आजी-आजोबांच्या तसबिरींना हार आहेत, गणवेशातल्या मोठ्या काकाला नाही. याचं उत्तर लढाईपेक्षा कोळशाच्या खाणीत जास्त आहे.

आजोबा चंद्रपूरकडच्या एका भूमिगत खाणीत लोडर होते. तेव्हा खाणी खाजगी मालकांच्या. मजुरी टबावर, म्हणजे रुळावरून ढकलायच्या कोळशाच्या डब्यावर. फोडलेला कोळसा बेलच्यानं टबात भरायचा, जितके टब तितके पैसे. टबात दगड दिसला की हिशेब ठेवणारा मुनशी तो टब हिशेबातून उडवायचा. रिकामे टब वेळेवर आले नाहीत तर अंधारात बसून राहायचं, त्याचे पैसे नाहीत. राहायला मजुरांच्या चाळीतली, लाइनीतली एक खोली. एका बाजूला बिलासपुरी, दुसऱ्या बाजूला तेलुगू कुटुंब. आमच्याकडे भांडणं मराठीत आणि उधारी हिंदीत चालायची.

थोरल्या पोरानं खाली उतरायचं नाही, एवढं आजोबांनी ठरवलं होतं. काका मॅट्रिकला गचकला आणि महार रेजिमेंटच्या भरतीला गेला. सागरला ट्रेनिंग झालं, मनिऑर्डर सुरू झाली. किराणावाला आजीला 'ए' म्हणायचा, तो 'बाई' म्हणू लागला. खाणीच्या छताखालून काढून पोराला बंदुकीपुढे उभं केलं, असं पुढे लोक आजोबांना ऐकवत. मला ते बोलणं दुष्टपणाचं वाटतं. त्या काळी खाणीत छत बसून माणसं जायचीच, आणि फौजेत निदान पोटभर जेवण होतं.

3 डिसेंबर 1971 ला युद्ध पेटलं. काका पश्चिम आघाडीवर होता. 17 तारखेला तिथली लढाई थांबली आणि त्यानंतर कधीतरी कागद आला: बेपत्ता. काही काळानं दुसरा कागद: मृत समजण्यात येत आहे.

आजीला हे 'समजण्यात येणं' काही समजेना. त्याला कारण लॅम्प रूम, खाणीच्या तोंडाशी बत्त्या द्यायची खोली. खाणीत उतरताना माणूस आपला नंबरचा बिल्ला खिडकीत द्यायचा आणि बत्ती घ्यायचा. वर आला की बत्ती परत, बिल्ला परत. पाळी सुटल्यावर एखादा बिल्ला खिळ्यावर तसाच लटकलेला दिसला, तर तो माणूस खाली आहे, मग बायका तोंडावर पदर धरून इन्क्लाइनपाशी, म्हणजे खाणीत उतरायच्या उताराच्या तोंडाशी, येऊन बसत आणि माणूस बाहेर काढेपर्यंत हलत नसत. जिवंत नाही तर मेलेला, पण माणूस वर येतो. आजीनं हे एवढ्या वेळा पाहिलं होतं की दुसरा कुठला हिशेब तिला मान्यच नव्हता. "कोन खाली गेला, कोन वर आला, काई हाय का त्याईच्यापाशी? मंग मी कायले हार घालू?"

आजोबांना आशा वेगळी होती. पाकिस्तानचे त्र्याण्णव हजार युद्धकैदी आपल्याकडे, म्हणजे अदलाबदल होणारच. 1972 च्या जुलैत सिमला करार झाला, पुढे आपले युद्धकैदी परतले. काका त्यांच्यात नव्हता. पाकिस्तानच्या ताब्यात असावेत असे सरकारला वाटत असलेल्या 54 जणांच्या यादीतही नव्हता. त्या यादीतल्या काहींच्या घरच्यांना 2007 साली पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले, तेव्हाही कुणी सापडलं नाही.

1973 मध्ये खाणी सरकारच्या झाल्या. पगार बांधला गेला, क्वार्टर मिळालं, दवाखाना आला. काकाच्या मागून दीड वर्षाच्या आत. आजोबा हे गणित पुन्हा पुन्हा करत.

1975 च्या डिसेंबरात धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी फुटलं, पावणेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. पाणी उपसत आठवडेच्या आठवडे प्रेतं काढत राहिले. रेडिओवर ते ऐकून आजी म्हणाली, "पाहा, ते शोधून राह्यले." त्यानंतर तिच्याशी कुणी वाद घातला नाही.

पेन्शन मात्र तिनं घेतली. एका शेजाऱ्यानं टोमणा मारला, पोरगा मेला नाही म्हणता तर पैसे कसे घेता? "सरकार देते. मी का मांगाले गेली होती?" पंधरा ऑगस्टला वीरमाता म्हणून बोलावलं की जायची, मिळालेली शाल थंडीत सरळ वापरायची, भाषण सुरू झालं की उठून यायची. आजोबांनी 1956 ला चंद्रपुरात बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेली, त्यामुळे तेरावं-बिरावं नव्हतंच. पण गेलेल्या माणसासाठी बौद्धांमध्ये करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमसुद्धा तिनं होऊ दिला नाही. आजोबा छातीच्या दुखण्यानं गेले. कागदावर टीबी लिहिलं होतं, कोळशाची धूळ नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच आला नाही. त्यांचं पुण्यानुमोदन तिनं रीतसर केलं.

आजीनंतर हा विषय वडिलांकडे आला. चुलतभाऊ म्हणतो, आता काका असता तरी ऐंशीच्या घरात असता, हार घालून टाका. त्याचं चुकतं असंही नाही. वडील म्हणतात, मी गेल्यावर काय ते करा. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, पण हा प्रश्न मात्र बरोबर ऐकू जातो आणि मग ते दोन दिवस जेवत नाहीत. तेव्हा आमच्याकडे आलात तर मला बाजूला घेऊन विचारा.